जिप्सी मेजर: उलट्या इंजिनाच्या शनिवारच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

इंजिन एकदाचं शेडमध्ये आलं. डी हॅविलंड जिप्सी मेजर, सिरीज १. चार सिलिंडर एका ओळीत, एअर कूल्ड, ६.१२ लिटर, २३५० आरपीएमला १३० हॉर्सपॉवर. १९३२ साली बाजारात आलेलं डिझाइन, टायगर मॉथ विमानात असायचं तेच. युद्धाच्या काळातलं धरून साडेचौदा हजारांच्या वर बनली, त्यामुळे इंग्लंडात अजूनही कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली एखादं सापडतं. आमचं तसंच सापडलेलं.

हे परत उडणार नाहीये, आधीच सांगतो. त्यासाठी लागणारे कागद आणि पैसे दोन्ही आमच्याकडे नाहीत. ट्रॉलीवर बसवायचं, वर पेट्रोलची छोटी टाकी, पुढे पंखा, आणि उन्हाळ्यात लोकांसमोर चालवून दाखवायचं एवढाच बेत. बेडफर्डच्या आसपास गवताची धावपट्टी असलेलं एक मैदान आहे, त्याच्या कडेच्या शेडमध्ये आम्ही पाचसहा जण शनिवारी जमतो. मी सोडून बाकी सगळे रिटायर्ड. त्यातल्या सगळ्यात वयस्करांना मी इथे आजोबा म्हणणार आहे, त्यांनी तरुणपणी ही इंजिनं पोटापाण्यासाठी खोललीत.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, फोटो उलटा आलाय तुझा." म्हटलं, "नाही बाबा, इंजिनच उलटं आहे." क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली लोंबकळतात, हेड सगळ्यात तळाला. बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "आणि तेल?"

बरोब्बर. पुढचे चार महिने तोच प्रश्न आहे.

१८ जानेवारी

आज फक्त साफसफाई आणि प्लग काढणे. प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे आठ स्पार्क प्लग, दोन वेगळे मॅग्नेटो (इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगीची वीज बनवणारी यंत्रं), एक बंद पडला तरी दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून. बॅटरी नाही, डायनमो नाही. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी आहे.

प्लग काढायच्या आधी मी पंख्याच्या हबला पाना लावून जरा फिरवून बघू का म्हणून पुढे झालो तर आजोबांनी हात आडवा घातला. आधी प्लग, मग फिरवणं. का ते लगेच कळलं, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग सुटला आणि काळंकुट्ट तेल धारेनं खालच्या ट्रेमध्ये. साध्या सरळ इंजिनात तेल खाली संपमध्ये जाऊन बसतं. इथे खाली आहे काय, तर पिस्टन आणि ज्वलनकक्ष. इंजिन उभं राहिलं की क्रँककेसमधलं उरलंसुरलं तेल हळूहळू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून उतरतं आणि पिस्टन नि हेड यांच्यामध्ये साचतं. तेल काही दाबलं जात नाही, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन त्या तेलावर येऊन आदळला की कुठेतरी काहीतरी वाकतं, बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉड. हायड्रॉलिक लॉक म्हणतात याला. म्हणून टायगर मॉथवाले आजही सकाळी आधी स्विच बंद ठेवून पंखा हातानं सावकाश फिरवतात आणि कुठे अडतंय का ते बघतात. अडलं तर जोर लावायचा नाही, प्लग काढायचा. हा नियम.

आणि पाने! आमच्या गॅरेजमधले मेट्रिक पाने इथे कुचकामी. सिलिंडरचं माप मिलिमीटरमध्ये, ११८ बोअर म्हणजे व्यास आणि १४० स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, पण नटबोल्ट सगळे इंची, व्हिटवर्थ घराण्यातले. त्या पान्यांवर लिहिलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. कुठल्या डोक्यातून निघालं असेल हे देव जाणे.

२५ जानेवारी

थंडी. शेडमध्ये हीटर बंद, चहा पिऊन घरी.

१ फेब्रुवारी

हेड आणि सिलिंडर काढले. प्रत्येक सिलिंडर सुटा, त्याचं हेडही सुटं, चार लांब स्टड क्रँककेसमधून येतात आणि हेड नि सिलिंडर दोघांना मिळून आवळून धरतात. एका सिलिंडरला रोग झाला तर तेवढाच काढा, बाकीच्या तिघांना हात लावायला नको. मोटारीच्या ब्लॉकवाल्या इंजिनाची सवय असलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं. एकेका सिलिंडरखाली एक जण दोन्ही हात धरून उभा, दुसरा नट सोडवतोय, कारण सुटलं की ते खालीच येणार.

सिलिंडर हातात आल्यावर बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. त्याचा वरचा काठ क्रँककेसच्या आत बऱ्यापैकी वर घुसलेला असतो, त्यामुळे क्रँककेसच्या तळाशी तेल साचलं तरी ते सिलिंडरच्या भोवती साचतं, सरळ आत ओतलं जात नाही. तिथून स्कॅव्हेंज पंप ते ओढून बाहेरच्या टाकीत परत पाठवतो. टायगर मॉथमध्ये ती टाकी चक्क विमानाच्या अंगाबाहेर, बाजूला लटकवलेली असते, तेवढीच वाऱ्यानं गार पण होते. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे रिंगा. आणि तरीही थोडं तेल उतरतंच, आपला तिसरा सिलिंडर साक्षीला आहे.

मग एवढा उपद्व्याप कशासाठी? पायलटसाठी. सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात शाफ्ट खाली आणि सिलिंडरची भिंत पायलटच्या डोळ्यांसमोर उभी. पंख्याचा मध्य खाली गेला की पात्याची टोकं गवतात जाऊ नयेत म्हणून चाकांचे पाय उंच करा. तेच इंजिन उलटं टांगलं की पंखा आपोआप वर येतो, नाक निमुळतं होतं आणि पुढचं दिसतं. डी हॅविलंडनी हे आधी जिप्सी ३ मध्ये केलं, पुस मॉथ नावाच्या बंद केबिनच्या विमानासाठी. आपल्याकडे जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला जे विमान उतरवलं ते पुस मॉथच. म्हणजे एअर इंडियाच्या आधीच्या टाटा एअरलाइनची सुरुवात अशाच एका उलट्या चार सिलिंडरवर झाली.

माझं मत विचाराल तर सौदा योग्य होता. पण फायदा बसणाऱ्याचा आणि ताप खाली ट्रे धरून उभ्या असलेल्याचा, हे मात्र लक्षात ठेवायला पाहिजे.

८ फेब्रुवारी

एक्झॉस्टच्या बाजूचे नट. दोन सुटले, बाकीचे गंजून एकजीव. पेनिट्रेटिंग ऑइल घालून आठवडाभर ठेवलं होतं, काही फरक नाही. जोर लावला तर स्टड तुटणार आणि तुटका स्टड हेडमधून ड्रिल करून काढणं म्हणजे शिक्षा.

बाबांना विचारलं. "गॅसनं नट गरम कर, लाल नको करू, नुसता चांगला तापू दे. मग मेणबत्ती टेकव आट्यांच्या तोंडाला. मेण वितळून आत जाईल. पाच मिनिटं थांब आणि पुढेमागे, पुढेमागे. एकदम उलटा ओढू नकोस." तसंच केलं. मेण टेकवलं तसं चर्र करून पाण्यासारखं आट्यात शिरलं, बारीक पांढरा धूर, देवघरात येतो तसा वास. पाना किंचित आवळला, किंचित सोडला, परत आवळला, आणि मग तो करकरत निघाला. एकामागून एक सगळे आले. आजोबांनी ती मेणबत्ती उचलून टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि विचारलं, तुझे वडील कुठल्या विमान कंपनीत होते? म्हटलं, लाल डब्यात.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाऊस, घरीच. हे इंजिन कुठून आलं ते नीट लिहून काढतो, कारण मित्र विचारतात आणि फोनवर सांगताना माझाच गोंधळ होतो.

१९२३ मध्ये केंट किनाऱ्यावरच्या लिंप्न इथे हलक्या विमानांच्या स्पर्धा झाल्या. डेली मेल पेपरचं बक्षीस, अट अशी की इंजिन ७५० सीसीच्या वर नको. लोकांनी मोटरसायकलची इंजिनं लावून विमानं उडवली आणि एका गॅलनमध्ये किती मैल जातं याचे विक्रम केले. डी हॅविलंडचं डीएच ५३ पण त्यात होतं, डग्लस मोटरसायकलचं इंजिन लावलेलं. गंमत म्हणून ठीक, पण समोरून जरा जोराचा वारा आला की विमान जागच्या जागी, आणि इंजिनं सतत पूर्ण ताकदीनं पळवल्यामुळे तापून बंद पडायची. जेफ्री डी हॅविलंडनी त्यातून बोध घेतला की लहान विमानाला लहान इंजिन नको, मध्यम पाहिजे. दोन माणसं, त्यांच्या बॅगा, आणि थोडी ताकद शिल्लक. असं इंजिन बाजारात नव्हतं. एक तर खेळणी, नाहीतर युद्धातली धूडं.

इथे फ्रँक हॅल्फर्ड येतो. हा तेव्हा क्रॉयडनच्या एअरक्राफ्ट डिस्पोजल कंपनीसाठी काम करत होता. पहिल्या महायुद्धातलं विमानांचं नि इंजिनांचं भंगार सरकारनं या कंपनीला घाऊक विकलेलं, त्यात रेनॉच्या व्ही-८ एअर कूल्ड इंजिनांचा ढीग. हॅल्फर्डनी आधी त्या रेनॉला सुधारून १२० हॉर्सपॉवरचं एअरडिस्को बनवलं. मग डी हॅविलंडनी सुचवलं की याचं अर्धं कर. आठातले चार सिलिंडर, एका रांगेत, नव्या क्रँककेसवर. झालं सिरस. १०५ बाय १३० मिलिमीटर, साडेचार लिटर, ६० हॉर्सपॉवर. ते बसवून पहिलं मॉथ २२ फेब्रुवारी १९२५ ला डी हॅविलंडच्या स्टॅग लेन मैदानावरून उडालं, चालवायला स्वतः जेफ्री डी हॅविलंड.

माझ्या मते या सगळ्या कहाणीत हुशारी आहे ती इथे. नवीन शोध एकही नाही. पिस्टन, सिलिंडर, व्हॉल्व्ह गोदामात पडलेले, पैसे आधीच फिटलेले, पद्धत माहितीची. फक्त किती पाहिजे हे बरोबर ओळखलं.

अडचण एवढीच की भंगार कधीतरी संपतं. मॉथ धडाधड विकायला लागली, रेनॉचे सुटे भाग आटत चालले, आणि इंजिनासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं डी हॅविलंडना परवडेना. म्हणून हॅल्फर्डलाच सांगून स्वतःचं नवं इंजिन करून घेतलं, ते जिप्सी, १९२७. पहिलं इंजिन एका छोट्या रेसिंग विमानात घालून १३५ हॉर्सपॉवरपर्यंत पिळलं आणि ह्यूबर्ट ब्रॉडनी त्याच ऑगस्टमध्ये ताशी १८६ मैलांचा विक्रम केला, पण गिऱ्हाइकाला देताना तेच इंजिन शंभरच्या आत ठेवलं. हा संयम मला फार आवडतो. नंतर एका जिप्सीला सील ठोकून ६०० तास उडवलं, नेहमीची देखभाल सोडून काही करायचं नाही या अटीवर, आणि शेवटी खोलून झिजलेले भाग बदलायचा खर्च आला सात पौंडांच्या जरा वर. जाहिरातीला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

सरळ जिप्सी १, मग स्ट्रोक वाढवून जिप्सी २, ते उलटं टांगून जिप्सी ३, आणि बोअर ११८ करून जिप्सी मेजर. आपलं ट्रॉलीवरचं.

हॅल्फर्ड पुढे कुठे गेला तेही लिहून ठेवतो. नेपियरचं २४ सिलिंडरचं सेबर त्याचं, आणि व्हॅम्पायर जेट विमानाचं गॉब्लिन इंजिनही त्याचंच. भारतीय हवाई दलाकडे व्हॅम्पायर होती. भंगारातलं व्ही-८ अर्धं करण्यापासून जेटपर्यंत मधे पुरती वीस वर्षंही नाहीत.

१ मार्च

मॅग्नेटो. डावा ठीक, उजव्याला ठिणगीच नाही. झाकण उघडलं तर आत मधासारखं चिकट तपकिरी काहीतरी ओघळून सुकलेलं. आजोबा बघताक्षणी म्हणाले, शेलॅक. म्हणजे आपली लाख. जुन्या मॅग्नेटोंच्या कॉइलवर इन्सुलेशन म्हणून लाखेचं वार्निश चढवायचे आणि त्या काळात जगातली लाख जवळजवळ सगळी हिंदुस्थानातून जायची, पळसा-कुसुमाच्या झाडांवरून खरवडलेली. उष्णता आणि दमट हवा यांनी वर्षानुवर्षांत ती मऊ होते, ओघळते, तारांमध्ये शॉर्ट होतं. बोटाला लागलं ते साबणानं निघेना, शेवटी स्पिरिटनं पुसलं. नव्यानं वाइंड करून घेण्याशिवाय इलाज नाही, पार्सल करून पाठवला. आता इपॉक्सी वापरतात, ओघळायचा प्रश्न नाही.

ठीक असलेल्या मॅग्नेटोला इंपल्स स्टार्टर आहे. हातानं पंखा मारताना इंजिन इतकं हळू फिरतं की मॅग्नेटो ठिणगी देऊच शकत नाही, आणि दिली तरी ती लवकर पडून पंखा उलटा मारेल, हात जाईल. म्हणून मॅग्नेटो नि इंजिन यांच्यामध्ये एक स्प्रिंग. इंजिन फिरतं तेव्हा मॅग्नेटो एका खुंटीवर अडून राहतो, स्प्रिंग पिळली जाते, आणि पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे आपल्या बाबतीत खालच्या टोकाला, पोचल्यावर खुंटी सुटते, मॅग्नेटो झटक्यानं फिरतो आणि सणसणीत ठिणगी पडते. इंजिन वेग घेतं तशी खुंटी आपोआप बाजूला होते. हातात धरून फिरवलं की खट्ट असा आवाज येतो. मी बराच वेळ नुसता खट्ट खट्ट करत बसलो होतो, कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं असावं.

८ मार्च

कार्बोरेटर धुतला. क्लॉडेल-हॉब्सन. तळात हिरवा गाळ, फ्लोट मात्र शाबूत.

२२ मार्च

शेड बंद होतं म्हणून लंडनला सायन्स म्युझियममध्ये गेलो. तिथे विमानांच्या दालनात एमी जॉन्सनचं जेसन टांगलेलं आहे, हिरवं जिप्सी मॉथ. इंजिन जिप्सी १, म्हणजे अजून सरळ उभं असलेलं. मे १९३० मध्ये ती एकटी क्रॉयडनहून डार्विनला गेली, १९ दिवस. लोक तिला पायलट म्हणून ओळखतात, पण तिच्याकडे ग्राउंड इंजिनिअरचं सरकारी लायसन्स होतं, स्टॅग लेनच्या हँगरमध्ये ओव्हरऑल घालून शिकलेली, आणि वाटेत उतरल्यावर स्वतःचं इंजिन स्वतःच बघायची. कराचीहून पुढे निघाली तेव्हा पेट्रोल कमी पडलं आणि झाशीच्या परेड ग्राउंडवर सैनिकांच्या मधोमध उतरली होती, पंख मोडला, तो दुरुस्त करून पुढे गेली. खाली उभं राहून वर बघितलं तर इंजिन केवढंसं वाटतं.

प्लगवरून आठवलं ते इथेच लिहितो. त्याच वर्षीची गोष्ट. आगा खानांनी भारत आणि इंग्लंडमध्ये एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून, दोघंही जिप्सी मॉथमध्ये. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर अस्पी तिथे अडकून बसलेले, स्पार्क प्लग गेले होते आणि स्पेअर नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. त्या बदल्यात अस्पींनी त्यांना आपलं लाइफ जॅकेट दिलं, आणि मग काही तासांच्या फरकानं शर्यत अस्पींनी जिंकली. हे अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट नेहमी खिलाडूपणाची म्हणून सांगतात, ती आहेच. मी मात्र तेलानं काळे झालेले आठ प्लग ब्रशनं घासताना विचार करत होतो की दोन्ही विमानांना तेच इंजिन असल्यामुळे हे जमलं.

५ एप्रिल

जोडणी सुरू. सिलिंडर आतून घासून (होन करून) आणले, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह हातानं लॅप केले. पेस्ट लावून काठी दोन तळहातांत घोळवायची, रवी फिरवतात तशी, आणि मधून मधून पुसून बघायचं की सीटवर सगळीकडून करड्या रंगाची अखंड रेघ आली का. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हनं संपूर्ण दुपार खाल्ली.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह नि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली, फट लावणं या इंजिनात सोपं आहे कारण सगळं कमरेच्या उंचीवर, खाली वाकून नाही की टेबलावर चढून नाही. उलट्या इंजिनाचा मेकॅनिकला झालेला हा एकमेव फायदा मला सापडला. फीलर गेज सरकवा, जरा ओढ लागली पाहिजे, लॉकनट आवळा, परत तपासा कारण आवळताना हटकून सरकतं.

रॉकर बॉक्समध्ये मात्र पंपाचं तेल पोचतच नाही. झाकणातच तेल भरायचं, रॉकर त्यात बुडून स्वतःला माखून घेतात. म्हणजे ज्या इंजिनात तेल नको तिथे सारखं उतरतं, त्यातच सगळ्यात खालच्या डब्यात ते हातानं ओतावं लागतं. आजोबांना म्हटलं हे जरा विचित्र नाही का. ते म्हणाले, मग वर पाठवलेलं तेल आणि खाली उतरलेलं तेल यांचा हिशोब वेगळा राहतो. पटलं नाही, पण वाद घातला नाही.

१९ एप्रिल

मॅग्नेटो परत आला. बसवला, टायमिंग लावलं. बाकी निवांत.

घरी बाबांशी बोलताना विषय निघाला की असलं इंजिन भारतात कशात होतं. टायगर मॉथ तर होतीच, फ्लाइंग क्लबांमध्ये आणि हवाई दलात, पण त्यांना मी एचटी-२ बद्दल सांगितलं. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं स्वतःचं पहिलं विमान, १९५१ मध्ये उडालं, डिझाइन डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं, जर्मनीत गटिंगेनला वायुगतीशास्त्रज्ञ प्रांट्लकडे पीएच.डी. केलेला आपला माणूस. पहिल्या प्रोटोटाइपला जिप्सी मेजर होतं, नंतरच्या विमानांना सिरस मेजर. सिरसचा कारभार तोवर फिरत फिरत ब्लॅकबर्न कंपनीकडे गेलेला. तरी दोन्ही इंजिनं नात्यातलीच, दोन्हींची वंशावळ क्रॉयडनच्या त्या अर्ध्या केलेल्या व्ही-८ वर जाते. बाबा म्हणाले, "घाटग्यांचं नाव आम्ही शाळेत का ऐकलं नाही रे?"

४ मे, रविवार

ओल्ड वॉर्डन, शटलवर्थ कलेक्शन, जुन्या विमानांचं संग्रहालय. घरापासून जवळ असून इतके दिवस टाळलं होतं. इथे एका आवारात आपल्या इंजिनाचं अख्खं खानदान आहे. डीएच ५१ मध्ये एअरडिस्को, तो व्ही-८ आजोबा, अजून चालू स्थितीत. त्याचे चार-चार सिलिंडरचे दोन बाक बघितले आणि मग पलीकडच्या जुन्या मॉथमधलं सिरस हर्मीस बघितलं की कापाकापी कुठे झाली ते न सांगता दिसतं. आणि १९३४ च्या इंग्लंड ते मेलबर्न शर्यतीत पहिलं आलेलं लाल कॉमेट, त्यात दोन जिप्सी सिक्स, म्हणजे आपल्याच इंजिनाला दोन सिलिंडर जास्त. ७१ तासांच्या आत मेलबर्न, वाटेत सक्तीच्या थांब्यांपैकी एक अलाहाबाद.

सगळ्यात जास्त वेळ मात्र उभा राहिलो एका वेगळ्याच विमानापुढे. कॉम्पर स्विफ्ट, एका माणसाचं इवलंसं विमान, नाव स्कार्लेट एंजल. याचा मूळ नंबर व्हीटी-एडीओ, भारतातला. सिलचरचे चहामळेवाले अल्बन अली यांनी ते १९३३ मध्ये दिल्लीच्या व्हाइसरॉय कप शर्यतीत उतरवलं आणि मग इंग्लंडला आणलं. त्यातलं पॉबजॉय इंजिन म्हणजे आपल्या जिप्सीच्या अगदी विरुद्ध स्वभावाचं. सात बारके सिलिंडर गोलात, सगळे मिळून २.८ लिटर, ३००० आरपीएमला ७५ हॉर्सपॉवर, आणि पंख्याला इतका वेग चालत नाही म्हणून पुढे गिअर लावून तो निम्म्याखाली आणलेला. डग्लस पॉबजॉयचं काम घड्याळजीसारखं नाजूक आणि सुंदर. जिप्सीत लिटरमागे २१ हॉर्सपॉवर, यात २६-२७. आजची १.२ लिटरची गाडी ८० देते, तो भाग वेगळा, तिला पंखा फिरवायचा नसतो.

मग जिप्सी हजारोंनी का खपलं आणि पॉबजॉय का नाही? मला वाटतं गिअर. जिप्सीचा पंखा सरळ क्रँकशाफ्टला, कॉम्प्रेशन सव्वापाच, हलक्या पेट्रोलवर चालणार, मधे बिघडायला काही नाही. पॉबजॉयला जाणकार हात पाहिजेत. क्लबच्या विद्यार्थ्यानं दिवसभर दणकावून आपटलेल्या विमानात मी तरी सहा लिटरचं आळशी इंजिन घालीन.

१७ मे

चाललं!!

क्रम लिहून ठेवतो, पुढच्या वेळी वाद नको. ट्रॉलीची चाकं ठोकळ्यांनी अडवून दोरखंडानं जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधली. दोन फायर एक्स्टिंग्विशर. प्लग काढून हातानं फिरवलं, या वेळी दुसऱ्या सिलिंडरमधून चमचाभर तेल. प्लग बसवले. पंखा म्हणजे टेस्टिंगचा आखूड चार पात्यांचा लाकडी. पेट्रोल चालू, कार्बोरेटरची पिन दाबून पेट्रोल खाली ठिबकेपर्यंत भरू दिलं. स्विच बंद, थ्रॉटल बंद, पंखा हातानं चार कॉम्प्रेशन ओढून मिश्रण आत घेतलं. थ्रॉटल किंचित उघडं. "कॉन्टॅक्ट." आजोबा, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, एक पाय मागे, पात्याला बोटांची नुसती टोकं लावून खाली झटका आणि त्याच झटक्यात अंग बाजूला.

खट्ट. काही नाही. परत. खट्ट, आणि एक धूर. परत, आणि पेटलं, पांढऱ्या-निळ्या धुराचा असा लोट की शेड दिसेना. पहिलं मिनिटभर ते तीन सिलिंडरवरच अडखळत होतं, मग चौथा जागा झाला आणि आवाज एकदम गोल झाला. तेलाचा दाब काही सेकंदांत चढला आणि ४० पाउंडांच्या वर स्थिर. तापेपर्यंत हजाराच्या आसपास ठेवलं, मग १६०० ला नेऊन एकेक मॅग्नेटो बंद करून बघितला. डावा बंद केला तर आरपीएम जरासे उतरतात, उजवा बंद केला तर जवळपास तेवढेच. लाखेचा रोगी बरा झालाय.

बाबा व्हिडिओ कॉलवर होते, आवाजात एक शब्द कळत नव्हता. बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "धूर निळा होता का रे?" म्हटलं सुरुवातीला. "मग तिसऱ्याच्या रिंगा बघ."

२४ मे

गार असताना टॅपेट परत तपासले, दोन हलले होते. दुसऱ्या रॉकर बॉक्सचं झाकण पाझरतंय, कॉर्कचं पॅकिंग नवीन कापायला हवं. तिसऱ्याचा प्लग ओला, बाकीचे कोरडे नि भुरकट. बाबांचं म्हणणं खरं दिसतंय, पण आजोबांचा आग्रह की नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, अजून दोनतीन तास चालवल्याशिवाय सिलिंडर काढायचा नाही. दोघांचं एकमेकांशी बोलणं लावून दिलं, भाषेचा प्रश्न आला नाही, दोघंही बोटांनी रिंगेची फट दाखवत होते. ठरलं ते असं की जूनमध्ये आणखी चालवायचं, मग कॉम्प्रेशन मोजायचं आणि त्यावर ठरवायचं. ट्रे तोवर खालीच. कॉर्क शीट मी आणतोय, तीन मिलिमीटरची.